टाटा सन्समध्ये १८ टक्के हिस्सा, तरी हातात पैसा नाही! मिस्त्री कुटुंबाची संपत्ती नेमकी कुठे अडकलीय?

२०२२ च्या जूनमध्ये पालनजी मिस्त्री वारले तेव्हा ब्लूमबर्गच्या यादीत त्यांची संपत्ती जवळपास २९ अब्ज डॉलर दाखवत होती. जगातल्या सगळ्यात श्रीमंत माणसांमध्ये त्यांचं नाव होतं. आणि त्यानंतर तीनच वर्षांनी, २०२५ मध्ये, त्यांच्याच शापूरजी पालनजी समूहाने सुमारे २८,६०० कोटींचं कर्ज उचललं. व्याजाचा दर किती? वर्षाला १९.७५ टक्के.

आपल्याकडे घराचं कर्ज याहून कितीतरी कमी दराने मिळतं. सोनं गहाण ठेवलं तरी बँक एवढं व्याज लावत नाही. मग अब्जाधीश म्हणवणाऱ्या कुटुंबावर वीस टक्क्यांच्या जवळ जाणारं कर्ज घ्यायची वेळ का आली?

उत्तर एका वाक्यात सांगायचं तर, त्यांची बहुतेक संपत्ती अशा एका कंपनीच्या शेअरमध्ये आहे, जे शेअर त्यांना बाजारात विकताच येत नाहीत. ती कंपनी म्हणजे टाटा सन्स.

गावाकडच्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्यावर नाव आहे, जमीन सोन्याच्या भावाची आहे, पण विकायची म्हटलं की भाऊबंदांची सही लागते. आणि भाऊबंद सही द्यायला तयार नाहीत. हे सगळं कसं घडलं ते सुरुवातीपासून बघू.

मिस्त्री आडनाव आणि मिस्त्रीचाच धंदा

पारशी लोकांमध्ये धंद्यावरून आडनावं पडली हे आपल्याला माहीत आहे. दारूवाला, बाटलीवाला, काँट्रॅक्टर, इंजिनिअर. मिस्त्री हे त्यातलंच एक. आणि या कुटुंबाने आडनाव शब्दशः खरं केलं.

समूह आपली सुरुवात १८६५ सालची सांगतो. पहिल्या पालनजी मिस्त्रींनी एका इंग्रज भागीदारासोबत मुंबईत बांधकामाची कामं घ्यायला सुरुवात केली. गिरगाव चौपाटीचा फुटपाथ आणि मलबार हिलवरचा जलसाठा ही त्यांच्या सुरुवातीच्या कामांमधली नावं. म्हणजे दक्षिण मुंबईत फिरताना तुम्ही त्यांच्या कामावरून चालत गेला असाल, फक्त नाव माहीत नसेल.

पुढे त्यांचा मुलगा शापूरजी यांच्या काळात कंपनी वाढली. १९३० मध्ये उभं राहिलेलं मुंबई सेंट्रल स्टेशन, १९३७ चं ब्रेबॉर्न स्टेडियम, फोर्टमधली रिझर्व्ह बँकेची इमारत ही त्यांचीच बांधकामं. आता एक गंमत बघा. के. आसिफ यांच्या 'मुघल-ए-आझम'ला पैसा पुरवणारा माणूससुद्धा हाच. सिनेमाच्या धंद्याशी संबंध नसलेल्या या बिल्डरने वर्षानुवर्षं रखडलेल्या सिनेमात पैसे घातले आणि १९६० मध्ये तो पडद्यावर आला.

१९७० च्या दशकात कंपनी परदेशात पोहोचली. ओमानच्या सुलतानाचा मस्कतमधला राजवाडा बांधायचं काम त्यांना मिळालं. १९७५ मध्ये शापूरजी वारले आणि सूत्रं त्यांच्या मुलाकडे, दुसऱ्या पालनजींकडे आली.

थोडक्यात काय, तर टाटांशी नातं बाजूला ठेवलं तरी हे घराणं स्वतःच्या जोरावर मोठंच होतं. पण त्यांना अतिश्रीमंत केलं ते दुसऱ्याच गोष्टीने.

टाटांच्या घरात शिरकाव कसा झाला?

याची दोन प्रकारे कथा सांगितली जाते.

पहिली कथा एफ. ई. दिनशॉ यांची. हे मुंबईतले मोठे वकील आणि सावकारी करणारे गृहस्थ. १९२० च्या दशकात टाटांचा पोलादाचा आणि विजेचा धंदा अडचणीत होता तेव्हा त्यांनी टाटांना पैसा दिला आणि त्यातून त्यांच्याकडे टाटा सन्सचा हिस्सा आला. १९३६ मध्ये दिनशॉ वारले. त्यांची कंपनी शापूरजींनी विकत घेतली आणि त्यासोबत तो हिस्साही मिस्त्रींकडे आला, असं ही कथा सांगते.

दुसरी कथा जे. आर. डी. टाटांच्या भावंडांची. त्यांच्याकडे टाटा सन्सचे शेअर होते आणि त्यातले काही मिस्त्रींनी विकत घेतले. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातही हाच धागा दिसतो. १९८० पासून मिस्त्रींच्या दोन गुंतवणूक कंपन्यांनी जेआरडींच्या बहीण रोडाबेह सॉनी यांच्याकडून शेअर घेतल्याची नोंद त्यात आहे. पुढे राइट्स इश्यूमध्ये पैसे घालून हा हिस्सा वाढत गेला.

कोणतीही कथा घ्या, शेवटचा आकडा एकच आहे. १८.३७ टक्के.

पण टाटा सन्स म्हणजे नेमकं काय?

टाटा सन्स मीठ बनवत नाही, गाड्या बनवत नाही, सॉफ्टवेअरही बनवत नाही. ती टाटांच्या बाकीच्या कंपन्यांची मालक असलेली कंपनी आहे. टीसीएसचे सुमारे ७२ टक्के शेअर तिच्याकडे आहेत. टाटा मोटर्स, टाटा स्टील, टाटा पॉवर, टायटन यांच्यातही मोठा वाटा तिचाच. 'टाटा' हे नाव वापरायचा हक्कसुद्धा तिच्याकडे. ज्याच्या हातात टाटा सन्स, त्याच्या हातात अख्खा टाटा समूह.

मग टाटा सन्स कुणाच्या हातात? तर सुमारे ६६ टक्के शेअर टाटा ट्रस्ट्सकडे आहेत. जमशेदजींच्या दोन मुलांनी, सर दोराबजी आणि सर रतन टाटांनी, आपली संपत्ती धर्मादाय ट्रस्टना दिली, त्याचा हा परिणाम. म्हणून टाटा सन्सच्या लाभांशाचा मोठा भाग दवाखाने, शिक्षण, संशोधन यांच्याकडे जातो.

ट्रस्टनंतर सगळ्यात मोठा भागधारक म्हणजे मिस्त्री कुटुंब. टाटा कुटुंबातल्या माणसांचा वैयक्तिक हिस्सा या दोघांच्या तुलनेत अगदीच किरकोळ.

बॉम्बे हाऊसचं भूत

एवढा मोठा हिस्सा असूनही पालनजी मिस्त्री कधी मुलाखती देत नसत. कार्यक्रमांमध्ये दिसत नसत. टाटांच्या मुख्यालयात, म्हणजे बॉम्बे हाऊसमध्ये, त्यांच्या शब्दाला वजन होतं, पण बाहेर त्यांचा चेहरा कुणी ओळखत नव्हतं. म्हणून पत्रकारांनी त्यांना 'बॉम्बे हाऊसचं भूत' असं नाव ठेवलं.

दोन्ही घरांमध्ये सोयरीकही झाली. पालनजींची मुलगी आलू यांचं लग्न रतन टाटांचे सावत्र भाऊ नोएल टाटा यांच्याशी झालं. हे नातं लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

या सगळ्या काळात कुणाला कागदावरच्या अटींची आठवण झाली नाही. दोन्ही बाजूंचा एकमेकांवर विश्वास होता आणि लाभांश येत होता. आपल्याकडे भावाभावांचं पटतंय तोवर वाटणीपत्र कोण वाचतं? तसंच.

सायरस आले आणि गेले

पालनजींचे धाकटे चिरंजीव सायरस २००६ मध्ये टाटा सन्सच्या संचालक मंडळावर आले. डिसेंबर २०१२ मध्ये रतन टाटा निवृत्त झाले आणि सायरस चेअरमन झाले. टाटा आडनाव नसलेले ते पहिले चेअरमन असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, पण ते बरोबर नाही. १९३० च्या दशकात नवरोजी सकलातवाला चेअरमन होते. सायरस दुसरे.

चार वर्षांत बिनसलं. युरोपातला तोट्यातला पोलाद कारखाना, नॅनो गाडी, जपानच्या डोकोमोसोबतचा वाद अशा अनेक विषयांवर मतभेद झाले. २४ ऑक्टोबर २०१६ ला संचालक मंडळाच्या बैठकीत सायरस यांना चेअरमनपदावरून काढण्यात आलं. काही महिन्यांनी टीसीएसचे एन. चंद्रशेखरन त्यांच्या जागी आले.

मिस्त्री कोर्टात गेले. छोट्या भागधारकांवर दडपशाही होते आणि कंपनीचा कारभार नीट चालत नाही, असा त्यांचा दावा होता. २०१८ मध्ये कंपनी न्यायाधिकरणाने दावा फेटाळला. डिसेंबर २०१९ मध्ये अपील न्यायाधिकरणाने उलटा निकाल दिला आणि सायरस यांना परत चेअरमन करा असं सांगितलं. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. शेवटी २६ मार्च २०२१ ला सरन्यायाधीश शरद बोबडे, म्हणजे आपल्या नागपूरचे, यांच्या खंडपीठाने टाटांच्या बाजूने निकाल दिला.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात, मुंबई-अहमदाबाद महामार्गावरच्या सूर्या नदीच्या पुलावर सायरस यांच्या गाडीला अपघात झाला आणि ते गेले. वय ५४. मागच्या सीटवर त्यांनी बेल्ट लावलेला नव्हता. मागे बसणाऱ्यांनीही बेल्ट लावावा याची देशभर चर्चा झाली ती या अपघातानंतरच. वडील जाऊन तेव्हा सव्वादोन महिनेच झाले होते.

चेअरमनपदाचा वाद संपला. पण शेअरचा प्रश्न होता तिथेच राहिला.

कुलूप नेमकं कुठे लागलंय?

प्रत्येक कंपनीची एक नियमावली असते. सोसायटीचे उपविधी असतात तशी. टाटा सन्सच्या नियमावलीत काही कलमं आहेत, ज्यांवर हा सगळा खेळ उभा आहे.

एक, शेअर विकायचे असतील तर ते आधी आतल्या भागधारकांना देऊ करावे लागतात. थेट बाहेरच्या माणसाला विकता येत नाहीत.

दोन, ७५ क्रमांकाचं कलम. विशेष ठराव करून कंपनी एखाद्या भागधारकाला त्याचे शेअर हस्तांतरित करायला लावू शकते.

तीन, ट्रस्टनी नेमलेल्या संचालकांची संमती महत्त्वाच्या निर्णयांसाठी लागते. म्हणजे १८ टक्क्यांवाला कितीही ओरडला तरी निर्णय फिरत नाही.

त्यात २०१७ मध्ये टाटा सन्सला खासगी मर्यादित कंपनी करण्याचा ठराव झाला आणि २०१८ मध्ये तशी सरकारी नोंद झाली. खासगी कंपनीत शेअरच्या हस्तांतरणावर बंधनं असतातच, कायद्यालाच ते अपेक्षित आहे. मिस्त्रींचा याला विरोध होता, पण मतांच्या गणितात ते कमी पडले.

आता तुम्ही म्हणाल, विकता येत नसतील तर गहाण ठेवावेत. २०२० मध्ये मिस्त्रींनी तेच करायचं ठरवलं. टाटा थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. गहाण ठेवलेले शेअर उद्या सावकाराच्या हातात गेले तर आमच्या घरात परका माणूस येईल, असं त्यांचं म्हणणं. सप्टेंबर २०२० मध्ये कोर्टाने परिस्थिती जैसे थे ठेवायला सांगितलं.

त्यानंतर मिस्त्रींनी जाहीर केलं की आता टाटांपासून वेगळं व्हायची वेळ आली. आपल्या हिश्शाची किंमत त्यांनी १ लाख ७५ हजार कोटी सांगितली. टाटांचा अंदाज होता ७० ते ८० हजार कोटींचा. २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही किंमत ठरवून दिली नाही. नियमावलीतल्या ७५ व्या कलमाने किंवा कायद्यातल्या दुसऱ्या कुठल्या मार्गाने तुम्हीच सोडवा, असं सांगितलं.

ज्या वस्तूचा बाजार नाही तिचा भाव कसा ठरवणार, ही खरी अडचण आहे. टीसीएसच्या शेअरचा भाव मोबाइलवर दिसतो. टाटा सन्सचा दिसत नाही.

कर्ज वाढलं आणि घरातली भांडी विकायला निघाली

बांधकाम हा धंदाच असा आहे की पैसा आधी घालावा लागतो आणि परत यायला वर्षं लागतात. समूहावर कर्ज होतंच. त्यात २०२० मध्ये कोविड आला, साइट बंद पडल्या. समूहाला बँकांकडून कर्जाची पुनर्रचना करून घ्यावी लागली.

मग विकाविकी सुरू झाली. २०२१ मध्ये घरोघरी अ‍ॅक्वागार्ड पोहोचवणारी युरेका फोर्ब्स परदेशी गुंतवणूकदारांना विकली. त्याच वर्षी सौरऊर्जेच्या कंपनीचा ताबा रिलायन्सकडे गेला. २०२२ मध्ये बँकांचे १२ हजार कोटींहून अधिक रुपये फेडून समूह पुनर्रचनेतून बाहेर पडला. २०२४ मध्ये ओडिशातलं गोपाळपूर बंदर अदानींना दिलं. त्याच वर्षी पूल आणि मेट्रोची कामं करणारी अफकॉन्स शेअर बाजारात आणली.

एवढं करूनही पुरलं नाही. २०२३ मध्ये १४,३०० कोटींचे रोखे काढले, त्यावर परतावा १८.७५ टक्के. २०२५ मध्ये सुरुवातीला सांगितलेलं २८,६०० कोटींचं कर्ज.

आता साधा हिशेब करू. २८,६०० कोटींवर १९.७५ टक्के म्हणजे वर्षाला साधारण ५,६०० कोटींचं व्याज चढतं. दुसऱ्या बाजूला टाटा सन्सने २०२३-२४ साठी एका शेअरला ३५ हजार रुपये लाभांश दिला. ऐकायला प्रचंड वाटतो, पण कंपनीचे एकूण शेअरच साधारण चार लाख चार हजार आहेत. त्यातून मिस्त्रींच्या वाट्याला येतात सुमारे २६० कोटी.

एका बाजूला ५,६०० कोटींचं व्याज, दुसऱ्या बाजूला २६० कोटींचा लाभांश. लाखो कोटींच्या हिश्शाची मालकी असूनही पैशांची चणचण का, ते या दोन आकड्यांत आहे.

सुटकेचे रस्ते कोणते?

पहिला रस्ता, टाटा सन्स शेअर बाजारात आणणे. तसं झालं तर हिश्शाला रोजचा भाव मिळेल आणि मिस्त्रींना थोडेथोडे शेअर विकून कर्ज फेडता येईल. या रस्त्याला रिझर्व्ह बँकेमुळे बळ आलं होतं. सप्टेंबर २०२२ मध्ये बँकेने मोठ्या वित्तीय कंपन्यांची यादी काढली, त्यात टाटा सन्सचं नाव होतं. यादीतल्या कंपन्यांनी तीन वर्षांत शेअर बाजारात नोंद करायची, असा नियम. त्याच नियमाखाली टाटा कॅपिटल ऑक्टोबर २०२५ मध्ये बाजारात आली.

टाटा सन्स मात्र आली नाही. तिने आपलं कर्ज फेडलं आणि आम्हाला आता या वर्गातून मोकळं करा, असा अर्ज २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेकडे केला. ३० सप्टेंबर २०२५ ची मुदत नोंदणी न होताच गेली. त्यानंतर काही दिवसांतच पालनजींचे थोरले चिरंजीव शापूर मिस्त्री यांनी जाहीर निवेदन काढून नोंदणीची मागणी केली. यात पारदर्शकता आहे आणि टाटांच्या लाखो भागधारकांचंही भलं आहे, असं त्यांचं म्हणणं.

दुसरा रस्ता, टाटांनीच हा हिस्सा विकत घेणे. पण एवढी रक्कम उभी करायची तर टाटा सन्सला स्वतःचेच शेअर विकावे लागतील किंवा कर्ज काढावं लागेल. आणि कर्ज काढलं तर रिझर्व्ह बँकेकडे केलेल्या अर्जाचं काय?

तिसरा रस्ता, टाटा सन्सच्या शेअरच्या बदल्यात टीसीएससारख्या कंपन्यांचे शेअर घेणे. मिस्त्रींनी २०२० मध्ये हाच प्रस्ताव दिला होता. तो मान्य झाला नाही.

टाटांची बाजूही ऐका

हे सगळं वाचून टाटा हट्टाने अडून बसलेत असं वाटू शकतं. पण त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे. कंपनी बाजारात आली की ट्रस्टना आज जे खास अधिकार आहेत ते तसेच ठेवणं अवघड होईल. दर तीन महिन्यांनी नफ्याचा हिशेब विचारणारे गुंतवणूकदार येतील. एअर इंडिया किंवा सेमीकंडक्टर यांसारख्या, दहा-पंधरा वर्षं पैसा खाणाऱ्या धंद्यात हात घालणं कठीण जाईल. आणि मिस्त्रींनी शेअर घेतले तेव्हा विक्रीवर बंधनं आहेत हे कागदावर लिहिलेलं होतंच, हा मुद्दा तर बिनतोड आहे.

मिस्त्रींचा मुद्दाही तितकाच सरळ आहे. आम्ही जवळपास पाचव्या भागाचे मालक आहोत, आम्हाला बाहेर पडायचा रस्ता तरी द्या.

९ ऑक्टोबर २०२४ ला रतन टाटा गेले आणि दोनच दिवसांनी टाटा ट्रस्ट्सची सूत्रं नोएल टाटांकडे आली. म्हणजे शापूर मिस्त्रींच्या बहिणीचे यजमान. आता मेहुणे-मेहुणेच समोरासमोर आहेत, गाठ सुटेल असं अनेकांना वाटलं. पण नोएल तिथे मेहुणे म्हणून बसलेले नाहीत, ट्रस्टचे प्रमुख म्हणून बसलेत. ट्रस्टचं हित त्यांना आधी बघावं लागतं.

आपला यात काय संबंध?

एक तर शापूरजी पालनजी समूहात हजारो माणसं काम करतात, आणि त्यांची नोकरी समूहाच्या कर्जफेडीवर अवलंबून आहे. दुसरं, टाटा ट्रस्ट्सच्या पैशावर चालणाऱ्या संस्थांना टाटा सन्सच्या लाभांशातूनच मदत जाते. मिस्त्रींना देण्यासाठी मोठी रक्कम बाहेर काढावी लागली तर त्याचा परिणाम तिथपर्यंत पोहोचू शकतो.

आणि तिसरं आपल्या सगळ्यांच्या कामाचं. मित्राच्या कंपनीत दहा टक्के भागीदारी, चुलत्यांच्या दुकानात हिस्सा, नोंदणी नसलेल्या स्टार्टअपचे शेअर असे व्यवहार आपल्याकडेही रोज होतात. तेव्हा आपण फक्त टक्के विचारतो. बाहेर पडायचं झालं तर हिस्सा कोण घेणार, भाव कोण ठरवणार आणि गहाण ठेवता येईल का, हे तीन प्रश्न विचारायचे राहून जातात. संबंध चांगले असतात तेव्हाच ते लिहून घ्यावे लागतात. मिस्त्रींकडे वकिलांची फौज होती, तरी ते आज या तीन प्रश्नांपाशीच अडकलेत.